शिट्टी वाजवता येते का?

शिवडीत ख्रिस्ती समाजाची खूण कुठली, असे विचारले तर बहुतेक लोक दफनभूमीकडे बोट दाखवतील. आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते त्या काळात, १८६० च्या दशकात, ही जागा दफनासाठी मिळवली गेली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स १९०० साली इथे विसावले, कवी डॉम मोराइस २००४ साली. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, माणसे फुले आणि मेणबत्त्या घेऊन इथे येतात. ज्या श्रद्धेची अखेरची पायरी शिवडीत आहे, तिची पहिली पायरी पाहायची असेल तर मात्र हार्बरच्या गाडीने एक स्टेशन पुढे, वडाळ्याला जावे.

वडाळा-माटुंग्याच्या पट्ट्यात एकमेकांपासून फार लांब नसलेल्या तीन संस्था आहेत. मुलांची डॉन बॉस्को शाळा, मुलींचे ऑक्झिलियम कॉन्व्हेंट आणि रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी १९८७ पासून चालणारे ‘शेल्टर डॉन बॉस्को’. तिघींचे कूळ एकच आहे. इटलीतल्या तुरिन शहराजवळच्या खेड्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा, जो पुढे धर्मगुरू झाला, तो या सगळ्यांचा मूळ पुरुष. त्याचे नाव जोव्हान्नी बॉस्को. जन्म १६ ऑगस्ट १८१५, मृत्यू ३१ जानेवारी १८८८. इटलीत धर्मगुरूंना ‘डॉन’ म्हणायची रीत, म्हणून डॉन बॉस्को.

कॅथलिक शाळा म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात : इंग्रजी आणि शिस्त. प्रवेशासाठी धडपडणारे पालकही बहुधा याच दोन गोष्टींसाठी धडपडतात. पण माटुंग्याच्या शाळेमागे जी शिक्षणपद्धती आहे, तिच्या मुळाशी दया आहे, आणि ती केवळ भावना म्हणून नाही. वेळापत्रकात बसवलेली, शिक्षकाने कुठे उभे राहावे इथपर्यंत ठरवून दिलेली अशी ती दया आहे. ही गोष्ट पालकांनाच काय, कधी कधी शाळांनाही विसरायला होते. म्हणून तिची हकीकत सविस्तर सांगायला हवी.

८ डिसेंबर १८४१. तुरिनच्या संत फ्रान्सिस असिसीकर चर्चमध्ये तरुण डॉन बॉस्को मिस्सेची, म्हणजे उपासनाविधीची, तयारी करत होते. थंडीतून आडोशाला आत शिरलेल्या एका पोराला चर्चच्या सेवेकऱ्याने मिस्सेत मदत करायला सांगितले. पोराला ते येत नव्हते. सेवेकऱ्याने हातात होता त्या दांड्यानेच त्याला बडवून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलवायला लावले. तो माझा मित्र आहे, असे सेवेकऱ्याला सांगितले. मुलाचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. आईबाप नाहीत, वय सोळा, लिहिता-वाचता येत नाही. गाता येते का? नाही. चरित्रकार सांगतात, की मग डॉन बॉस्कोंनी विचारले, शिट्टी वाजवता येते का? तेव्हा ते पोर पहिल्यांदा हसले. पुढच्या वेळी ते आपल्यासारखीच आणखी पोरे घेऊन आले.

डॉन बॉस्कोंच्या अनुयायांची सलेशियन परंपरा आपला आरंभ याच दिवसापासून मोजते. काय येत नाही याची यादी संपल्यावर, काय येते इथपर्यंत पोहोचणारा तो एक प्रश्न. पहिली-दुसरीच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या कुणाही शिक्षिकेला याचे मोल सांगावे लागणार नाही.

त्या काळचे तुरिन म्हणजे खेड्यांतून कामासाठी आलेल्या पोरांचे शहर. गवंड्यांच्या हाताखाली, धुराडी साफ करायला, सुतारांच्या कारखान्यांत ही मुले राबत. डॉन बॉस्को त्यांच्या मालकांशी लेखी करार करू लागले. १८५२ चा असा एक करार जपून ठेवलेला आहे. मुलाला फक्त शब्दांनी समज द्यायची, मार द्यायचा नाही, रविवारी त्याला सुट्टी द्यायची, अशा त्यातल्या अटी. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे वाचताना नारायण मेघाजी लोखंडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानेही सात वर्षांच्या मुलाला कामावर ठेवायला मुभा होती. बारा वर्षांखालच्यांना दिवसाला नऊ तास, एवढीच मर्यादा. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांना जमवले आणि रविवारच्या सुट्टीची मागणी केली. ती मिळायला १८९० उजाडले. एका रविवारी तुरिनची पोरे चर्चमध्ये जाऊन मग पटांगणात खेळणार होती, दुसरा रविवार खंडोबाचा वार होता. राबणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस माणसासारखा मिळावा, ही तळमळ दोन्हीकडे तीच.

डॉन बॉस्कोंनी १८५९ मध्ये आपल्या सोबत्यांचा संघ स्थापन केला आणि त्याला सौम्यतेसाठी प्रसिद्ध असलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव दिले. सलेशियन हे नाव त्यावरून आले. १८७२ मध्ये मारिया मात्सारेल्लो यांच्यासह त्यांनी सिस्टरांचा संघ उभा केला. वडाळ्याचे ऑक्झिलियम त्याच सिस्टरांचे. सलेशियन भारतात १९०६ मध्ये तंजावरला उतरले आणि १९२८ मध्ये मुंबईत आले. सुरुवात तारदेवला झाली, मग माटुंगा.

१८७७ मध्ये डॉन बॉस्कोंनी आपली पद्धत एका छोट्या टिपणात मांडली. मुलांना सांभाळायच्या दोन रीती आहेत, असे ते म्हणतात. एक, नियम जाहीर करायचे, मग चूक करणाऱ्याला पकडायचे आणि शिक्षा करायची. दुसरी, चुकीची वेळच येऊ नये इतके मुलांच्या जवळ राहायचे. दुसऱ्या रीतीचे तीन आधार त्यांनी सांगितले : विवेक, धर्म आणि स्नेह. मुलाला कारण समजावून सांगा, त्याच्या श्रद्धेला हात द्या, आणि त्याच्यावर माया करा.

यातली ‘जवळ राहण्याची’ अट फार कडक आहे. मधल्या सुट्टीत शिक्षकांनी स्टाफरूममध्ये चहा घेत बसायचे नाही, पटांगणात उतरायचे. मे १८८४ मध्ये रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात डॉन बॉस्कोंनी याचीच कळकळीने तक्रार केली, की शिक्षक आता खेळात मिसळत नाहीत, लांब उभे राहून नुसती नजर ठेवतात. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना कळले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय. माटुंग्याच्या शाळेचे मैदान म्हणूनच शाळेचा वर्गाइतकाच महत्त्वाचा भाग. त्याच मैदानावर घडलेल्या रवी शास्त्रीच्या कप्तानीत डॉन बॉस्कोने १९७७ मध्ये शालेय क्रिकेटची जाइल्स शील्ड प्रथमच जिंकली. ते यश मोठेच. पण जी मुले कधी संघात निवडली गेली नाहीत, त्यांच्याबरोबर रबरी चेंडूने खेळणारा एखादा फादर त्या पद्धतीच्या जास्त जवळ आहे, असे मला वाटते.

जवळ राहण्याची आणखी एक तऱ्हा शब्दांची. सलेशियन वसतिगृहांत रात्री झोपण्यापूर्वी दोन-चार मिनिटांचे बोलणे होते, दिवसाच्या शाळांत तेच सकाळी प्रार्थनेनंतर होते. मराठी शाळांतल्या परिपाठाची सवय असलेल्यांना हे नवे वाटणार नाही. याचे मूळ डॉन बॉस्कोंच्या आईकडे, मार्गारिटाकडे आहे. १८४६ मध्ये ती गावचे घर सोडून मुलाच्या मदतीला तुरिनला आली. पहिल्यांदा काही बेघर पोरांना माळ्यावर झोपायला जागा दिली, तर पहाटे पोरेही गायब आणि पांघरुणेही गायब. तरीही १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेले एक अनाथ पोर दारात आले, तेव्हा मायलेकांनी त्याला आत घेतले. भांडी जाऊ नयेत म्हणून मार्गारिटाने स्वयंपाकघराला कुलूप घातले, हेही डॉन बॉस्कोंनी आठवणींत लपवलेले नाही. त्याआधी तिने त्या पोराला निजवताना काम, प्रामाणिकपणा आणि देव यांविषयी चार शब्द सांगितले. रात्रीच्या बोलण्याची प्रथा तिथून पडली.

मराठी वाचकाला इथे दुसरी एक आई आठवेल. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, तेही रात्री-रात्रींच्या कथनातूनच. अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवणारे गुरुजी आणि तुरिनचा हा धर्मगुरू यांची भेट झाली असती, तर एकमेकांना ओळखायला त्यांना वेळ लागला नसता.

आता श्रद्धेचे. मुंबईच्या कॅथलिक शाळांत बिगर-ख्रिस्ती मुले मोठ्या संख्येने असतात. सामान्यतः कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला बसतात, तेव्हा बाकीची मुले नीतिशिक्षणाच्या वर्गात असतात. साधारण तिसरी-चौथीच्या वयात कॅथलिक मुले पहिल्यांदा कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेतात. पांढरे कपडे घालून, घरच्यांच्या गराड्यात. ही तयारी धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची. रविवारच्या वर्गांत शिकवणारे बहुतेक जण पगारी नसतात, त्याच वस्तीतले तरुण-तरुणी आणि गृहिणी असतात. शाळा, चर्च आणि घर या तिन्ही ठिकाणी मुलाला तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. समाजजीवन म्हणतात ते यातून विणले जाते.

इतर मुलांचे काय? भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या कलमाचा तिसरा भाग स्पष्ट आहे. राज्याची मान्यता किंवा मदत असलेल्या संस्थेत कुणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान मुलाला पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विशेष म्हणजे १८७७ च्या त्या टिपणात डॉन बॉस्को कॅथलिक मुलांबाबतही हेच सांगतात : संस्कारविधींची गोडी लावा, सक्ती कधीच करू नका. सक्तीची श्रद्धा त्यांना मंजूर नव्हती. नाताळच्या नाटकात मेंढपाळ होणारा मुलगा घरी गणपतीची आरती म्हणत असेल, तर त्याच्या दोन्ही आनंदांना जागा असलेली शाळाच त्यांच्या मार्गावरची शाळा.

लहान मुलांच्या दयेला हिशेबाची सवय लावणारी आणखी एक जुनी कॅथलिक चळवळ आहे. १८४३ मध्ये फ्रान्समधल्या नॅन्सीचे बिशप शार्ल द फोर्बँ-जॅन्सन यांनी ती सुरू केली. मुलांनी मुलांना मदत करायची : रोज एक छोटी प्रार्थना आणि महिन्याला एक नाणे. मोठ्यांनी देणगी देण्यापेक्षा हे वेगळे आहे. आठ वर्षांच्या मुलाचे ते नाणे त्याच्या खाऊतून कमी होते, आणि ते त्याला जाणवते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वर्गातल्या डब्यात पैसे साठवण्याची रीत याच वळणाची आहे.

हे सगळे खरे, आणि तरी जुन्या कॉन्व्हेंटांत शिकलेल्या पिढीकडे बोटांच्या पेरांवर बसलेल्या फूटपट्टीच्या आठवणी आहेत. वर्गात मराठी बोलल्याबद्दल भरलेल्या दंडाच्याही आहेत. त्या आठवणी खोट्या ठरवून चालणार नाही. ज्यांनी मारले, त्यांच्या परंपरेतच मारू नका हे लिहून ठेवलेले होते, म्हणून ते जास्त लागते. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. घरातल्या भाषेचा अपमान हाही मानसिक छळच आहे, हे शाळांनी मनापासून मान्य करायला हवे.

आणि मग प्रवेशाचा प्रश्न. याच कायद्याने खासगी शाळांत पहिल्या पायरीवर २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. ६ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन तो मोठ्या खंडपीठापुढे जावा असे सुचवले. तो निर्णय जेव्हा लागेल तेव्हा लागो. आज तरी कॅथलिक प्राथमिक शाळा गरीब मुलाला घेते, ते कायद्याच्या धाकाने नाही, स्वतःच्या मनाने घेते. घेतले नाही, तर तेही स्वतःच्या मनानेच.

वडाळ्याच्या ‘शेल्टर’मध्ये रस्त्यावरची मुले येतात. त्यांच्यासाठी तिथे निवारा आहे, जेवण आहे, शिक्षणाची सोय आहे. गारेल्लीचे थेट वारस तेच. जवळच्या शाळेत गणवेशातली मुले याच संताच्या नावाने ३१ जानेवारीचा सण साजरा करतात. या दोन्ही अंगणांतली मुले वर्षातून एखाद्या कार्यक्रमापुरती नव्हे, एका बाकावर बसून भेटायला हवीत. त्यासाठी कॅथलिक शाळांना एक काम आजच करता येईल. पहिलीच्या प्रवेशाची यादी लागते, तेव्हा त्यातली किती मुले शिवडीच्या बीडीडी चाळींतून, कोळीवाड्यातून, बंदरालगतच्या झोपड्यांतून आली आणि त्यांची फी कुणी उचलली, हा आकडा शाळेने दरवर्षी स्वतः होऊन फलकावर लिहावा. पालकसभेत त्यावर बोलावे, आणि रविवारच्या मिस्सेनंतर धर्मग्रामालाही तो वाचून दाखवावा.