द्रवचालित क्लचमधील दोषशोधन

द्रवचालित क्लच ही मोटारवाहनातील अशी यंत्रणा आहे, जीत चालकाने क्लच पेडलावर दिलेला दाब तारेऐवजी बंद नळीतील द्रवामार्फत क्लचपर्यंत पोहोचतो. मारुती ८०० सारख्या लहान मोटारींत हे काम पोलादी तार करीत असे. या यंत्रणेतील बरेच दोष साध्या साधनांनी घरी ओळखता येतात. मात्र बिघाड द्रवाच्या मार्गात आहे की गिअरबॉक्सच्या आतील यांत्रिक भागांत, हे प्रथम ठरवावे लागते. पहिल्या प्रकारात खर्च थोडा असतो, तर दुसऱ्यात संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

== रचना व कार्य ==

पेडलाला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रव पुढे ढकलतो आणि गिअरबॉक्सजवळील स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या त्यामुळे बाहेर सरकतो. त्याचा दांडा फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटला दाबून क्लच प्लेट मोकळी करते. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने १७व्या शतकात मांडलेला द्रवदाबाचा नियम हा या रचनेचा पाया होय. स्लेव्हच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ मास्टरच्या दीडपट असेल, तर बल दीडपट मिळते. परंतु दांडा दोन-तृतीयांश अंतरच सरकतो. मुळात सरक अशी थोडी असल्याने नळीत हवेचा लहानसा बुडबुडाही पुरेसा त्रासदायक ठरतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते, आणि पेडलाची हालचाल त्या बुडबुड्यातच जिरते.

== दोषाचा शोध ==

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू असताना अडतात आणि रिव्हर्स टाकताना खरखर होते, हे क्लच पूर्ण सुटत नसल्याचे लक्षण आहे. याउलट इंजिनाचा आवाज वाढूनही वाहनाचा वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत असतो. त्याचे कारण बहुधा झिजलेली प्लेट असते; क्वचित आतून फुगलेला रबरी होज द्रव परत येऊ देत नाही, त्यामुळेही असे घडते.

तपासणीचा आरंभ पेडलाखालून करावा. दुमडलेली पायपुसणी पेडलाखाली अडकल्याने गॅरेज गाठणारे चालकही कमी नसतात. त्यानंतर द्रवाची पातळी पाहावी. ब्रेकमध्ये पॅड झिजतात तशी पातळी खाली जाते; क्लचमध्ये प्लेट झिजल्यावर ती उलट किंचित वर येते. म्हणून क्लचची टाकी स्वतंत्र असून पातळी घटली असेल, तर गळती आहे असेच समजावे. अनेक मोटारींत ब्रेक व क्लचची टाकी एकच असते. तेथे पातळी घटल्यास ब्रेकचीही तपासणी टाळू नये.

गळती दोन ठिकाणी पाहावी. पेडलाच्या दांड्याभोवती ओल असेल तर मास्टरचा रबरी कप गेलेला असतो. स्लेव्हचा रबरी बूट उचलल्यावर आत ओल दिसली तर दोष स्लेव्हचा. बाहेर थेंबही नसताना दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर मास्टरच्या कपाला ओलांडून द्रव आतल्या आत मागे जात असतो. भराभर तीन-चार वेळा पेडल मारल्यावर ते कडक होत असेल, तर नळीत हवा आहे.

निर्णायक चाचणी स्लेव्हच्या दांड्याची. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावे व दुसऱ्याने दांडा किती सरकतो ते मोजावे. ही सरक वाहनाच्या पुस्तिकेतील मापाइतकी असूनही गिअर अडत असतील, तर द्रवाची यंत्रणा निर्दोष आहे. बिघाड प्रेशर प्लेट, बेअरिंग किंवा फोर्कमध्ये आहे. सरक कमी असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याची घाई करू नये. काही नव्या वाहनांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आवरणातच बसवलेला असतो. तेथे ही चाचणी बाहेरून करता येत नाही.

== हवा काढणे ==

या कामास दोन माणसे लागतात. स्लेव्हच्या निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचे टोक थोडा द्रव घातलेल्या बाटलीत बुडवावे. पेडल दाबावे, निपल सैल करावा, बुडबुडे बाहेर येऊ द्यावेत, निपल घट्ट करावा आणि मगच पेडल सोडावे. हा क्रम चुकल्यास नळी हवा पुन्हा आत ओढते. टाकी मध्येच रिकामी झाली, तर सारे श्रम वाया जातात. हवा काढूनही एक-दोन दिवसांत पेडल पुन्हा मऊ पडले, तर सिलिंडरचे कप बदलण्यावाचून उपाय नाही.

द्रव टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच वापरावा. तो बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ असतो. शेतकरी घरात ट्रॅक्टरच्या लिफ्टचे हायड्रॉलिक तेल हाताशी असते आणि नावातील साम्यामुळे तेच टाकीत ओतले जाते. हे खनिज तेल ब्रेक द्रवासाठी बनवलेले रबरी कप फुगवते, आणि टाकी सामाईक असेल तर ब्रेकही निकामी होऊ शकतात. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो, म्हणून वर्षभर उघडी राहिलेली बाटली वापरू नये. तो रंग उडवतो. गाडीवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कधीही शिरू नये.

== घाटरस्ते व क्लच ==

बुलढाणा तालुक्यातील, जालना जिल्ह्याच्या सीमेलगतच्या धाड गावाहून बुलढाणामार्गे मलकापूरच्या रेल्वे स्थानकाकडे जाणारे वाहन राजूर घाट उतरते. अशा उतारावर क्लच निकामी झाल्यास न्यूट्रलमध्ये गेलेला गिअर पुन्हा पडत नाही. इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सारा भार तापत जाणाऱ्या ब्रेकवर येतो. आधीच खालच्या गिअरमध्ये असलेले वाहन त्याच गिअरमध्ये राहू द्यावे व ब्रेकने थांबवावे; इंजिन बंद पडले तरी हरकत नाही, मात्र त्यानंतर ब्रेकचे पेडल अधिक जोराने दाबावे लागते. पेडल मऊ पडू लागल्याचे धाड-बुलढाणा रस्त्यावरच लक्षात आले, तर घाटाला लागण्यापूर्वी बुलढाण्यातच तपासणी करून घ्यावी.