नाथसागराकाठचे पाहुणे

दूरदेशचे पक्षी पाहायचे तर समुद्रकिनारीच गेले पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. आपल्या तीर्थपुरीहून समुद्र दूर खरा. पण पैठणचा नाथसागर काही दूर नाही. पहाटे निघाले, तर पक्षी पाहून दिवे लागायच्या सुमारास घरी परत येता येते.

जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली बसली आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी आपल्या जालना जिल्ह्यातली शेते भिजवते, हे आपण जाणतोच. पण याच पाण्यावर आणखी कोणाचे तरी पोट चालते. १९८६ साली हा जलाशय पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तो त्यामुळेच.

हे पाहुणे येतात कशाला? थंडीला भिऊन? तसे नव्हे. पिसांचा डगला त्यांच्या अंगावर असतोच. खरी अडचण आहे ती अन्नाची. उत्तरेकडची तळी गोठली, की खालचे किडे, गवत, मुळे सारे बर्फाखाली बंद होते. मग दाण्यापाण्यासाठी दक्षिणेची वाट धरावी लागते. आपल्याकडे ते हिवाळ्याच्या तोंडाशी येतात आणि उन्हाळा लागला की परततात.

पट्टकादंबाचेच उदाहरण घ्या. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्याची खूण. मंगोलिया, तिबेट, लडाख इकडच्या तळ्यांकाठी तो अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून खाली येतो. पक्ष्यांच्या अंगावर लहान यंत्रे बसवून अलीकडे मोजणी झाली, तेव्हा सात हजार मीटरहून अधिक उंचीची नोंद मिळाली! तिथली हवा फार विरळ; पण याच्या रक्ताला विरळ हवेतलाही प्राणवायू चांगला धरून ठेवता येतो.

नाथसागर पसरट आणि पुष्कळ ठिकाणी उथळ आहे. पाणी ओसरले, की काठाला ओला गाळ उघडा पडतो. हीच पक्ष्यांची पंगत. लांब चोचीचे पाणटिवळे गाळात चोच खुपसून किडे काढतात. थापट्या बदक पसरट चोचीने पाणी गाळते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मान वाकवून चोच उलटी धरतो आणि बारीक जीव गाळून खातो. ज्याची त्याची चोच, तसा ज्याचा त्याचा घास.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. परतीच्या प्रवासाची शिदोरी या पक्ष्यांच्या अंगातच असते. ती म्हणजे चरबी. आपण हाकारा केला, दगड भिरकावला, की थवा उडतो. आपल्याला गंमत वाटते. पण चरायचा वेळ वाया जातो आणि साठवलेली चरबी उगाच खर्च होते. दिवसातून दहा वेळा असे झाले, तर पुढची वाट अवघड. जाळे लावणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे.

शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर न्यावे. मात्र लहान गट करून न्यावे. पैठण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. तिथे सकाळी उभे राहिले, की ऊन पाठीशी राहते आणि रंग स्वच्छ दिसतात. भडक कपडे नकोत. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर दुरूनच धीराने पाहावे. वहीत तारीख, जागा, पक्ष्यांची संख्या आणि ते काय करत होते, हे लिहावे. एखाद्याच्या पायात कडी किंवा मानेत रंगीत पट्टा दिसला, तर त्यावरचा क्रमांक जरूर टिपावा. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कड्या घातल्या. तुम्ही टिपलेला क्रमांक या संस्थेला कळवलात, तर तो पक्षी कुठून आला हे समजू शकते.

तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात एक दिवस काढाच. फक्त आपण गेल्याने थवा उडाला नाही पाहिजे. तो जिथे चरत होता तिथेच चरत राहिला, तर सहल साधली म्हणायची.