नष्ट आणि उद्दिष्ट : देवगिरीच्या मोजणीचा मागोवा

सा ते नी हे सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतले, तर त्यांच्या एकूण मांडण्या ५०४० होतात. हे आज बारावीचा विद्यार्थीही सांगेल. पण सगळ्या मांडण्या एका ठरलेल्या क्रमाने वहीत उतरवल्या आहेत असे धरले, तर त्यातली ३२१५ वी कोणती? वही न लिहिता, आधीच्या ३२१४ ओळींना हात न लावता सांगायचे.

अशा प्रश्नाचे उत्तर काढण्याची रीत तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला लिहिली गेली. देवगिरी म्हणजे आपले दौलताबाद, छत्रपती संभाजीनगरहून वेरुळच्या रस्त्याला पंधराएक किलोमीटरवर. लिहिणारा शार्ङ्गदेव, ग्रंथ ‘संगीतरत्नाकर’. संगीताच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. गणिताच्या जगात ते उशिरा पोहोचले आणि मराठवाड्यातल्या वर्गांत अजून पुरेसे पोहोचलेले नाही, याची मला खंत वाटते.

शार्ङ्गदेवाचे आजोबा भास्कर काश्मीरमधून दक्षिणेत आले. (‘लीलावती’कार भास्कराचार्य ते हे नव्हेत.) वडील सोढल यादवांच्या पदरी होते. शार्ङ्गदेव स्वतः सिंघण यादवाच्या दरबारी श्रीकरणाग्रणी, म्हणजे राज्याच्या हिशेबदप्तराचा मुख्य. पुढे हेमाद्री, आपला हेमाडपंत, याच श्रीकरणाच्या कामावर आला. दिवसभर जमाखर्चाच्या नोंदी पाहणाऱ्या माणसाने संगीतावर सात अध्यायांचा ग्रंथ लिहावा, आणि त्यात देह कसा घडतो इथपासून नर्तनापर्यंत सगळे यावे! मला मात्र त्यातली दोन ठिकाणे पुन्हा पुन्हा बोलावतात : पहिल्या स्वरगताध्यायातला तानांचा, म्हणजे स्वरांच्या मांडण्यांचा, प्रस्तार आणि पाचव्या तालाध्यायातला तालांचा प्रस्तार.

प्रस्तार म्हणजे पसारा, पण शिस्तीचा. तीन स्वर घेऊन पाहू. पहिली ओळ मूळ क्रमाची : सरिग. पुढची ओळ लिहिताना वरच्या ओळीत डावीकडून पाहत जायचे. ज्याच्या डावीकडे त्याहून खालचा स्वर आहे असा पहिला स्वर सापडला, की त्याच्याखाली त्या खालच्यांपैकी सर्वांत लगतचा स्वर लिहायचा. उजवीकडचे जसेच्या तसे उतरवायचे, डावीकडे उरलेले मूळ क्रमाने भरायचे. ओळी येतात त्या अशा : सरिग, रिसग, सगरि, गसरि, रिगस, गरिस. सहावी ओळ उलटी झाली, प्रस्तार संपला. कुठे डोके चालवावे लागत नाही. नियम पाळला की एकही तान सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही.

यातूनच दोन प्रश्न निघतात. ओळीचा क्रमांक माहीत आहे, ओळ हरवली आहे : हे नष्ट. ओळ समोर आहे, तिचा क्रमांक हवा आहे : हे उद्दिष्ट. हे शब्द शार्ङ्गदेवाहून पुष्कळ जुने, पिंगलाच्या छंदःशास्त्राच्या परंपरेतले. पण पिंगलापुढे लघू आणि गुरू अशी दोनच अक्षरे होती आणि ती हवी तितक्यांदा येऊ शकत होती. इथे सात स्वर, आणि एकदा आलेला पुन्हा यायचा नाही. जुनी रीत इथे चालणारी नव्हती.

शार्ङ्गदेवाने खंडमेरू मांडला. पायऱ्यापायऱ्यांचे सात स्तंभांचे कोष्टक. पहिल्या स्तंभात फक्त १. दुसऱ्यात ०, १. तिसऱ्यात ०, २, ४. चौथ्यात ०, ६, १२, १८. पाचव्यात चोवीसचे पट, सहाव्यात एकशेवीसचे, सातव्यात सातशेवीसचे. उद्दिष्ट काढायला या घरांत खडे ठेवायचे. ‘गसरि’ घ्या. शेवटचा स्वर रि. मूळ क्रमात शेवटाकडून मोजले तर ग पहिला, रि दुसरा, म्हणून तिसऱ्या स्तंभातले दुसरे घर : २. रि काढून टाकला. उरले ‘गस’, त्यात शेवटचा स. मूळ क्रमात उरलेल्या स-ग मध्ये शेवटाकडून स दुसरा, म्हणून दुसऱ्या स्तंभातले दुसरे घर : १. पहिल्या स्तंभातला १ नेहमीचाच. बेरीज ४. वरच्या यादीत चौथी ओळ पाहा, ‘गसरि’च आहे.

कोष्टकातली सर्वांत वरची घरे घेतली तर बेरीज १, सर्वांत खालची घेतली तर १ + १ + ४ + १८ + ९६ + ६०० + ४३२०, म्हणजे बरोबर ५०४०. मधल्या प्रत्येक संख्येला घरांची एकच निवड लागू पडते. आपली दशमान पद्धत दहाच्या घातांवर उभी आहे, ही १, २, ६, २४, १२०, ७२० या क्रमगुणितांवर. युरोपात क्रमगुणितांच्या या अंकलेखनावर आणि त्याच्या मांडण्यांशी असलेल्या नात्यावर फ्रेंच गणिती लेझाँ यांचा लेख आला १८८८ मध्ये. शार्ङ्गदेव मात्र सिद्धता देत नाही, फक्त रीत सांगतो. आजच्या अर्थाने त्याला गणिताचा सिद्धान्तकार म्हणता येणार नाही. पण संख्या आणि मांडणी यांच्यातली एकास एक जोडी त्याच्या हाताशी होती, यात शंका नाही. ५६ मूर्छनांच्या (सात स्वरांच्या मूळ क्रमांच्या) पूर्ण कूटताना, म्हणजे सातही स्वरांच्या मांडण्या, २,८२,२४० हेही त्याने मोजून ठेवले आहे.

तालाध्यायात प्रश्न बदलतो. द्रुत, लघू, गुरू, प्लुत ही चार कालमाने, एकमेकांशी १ : २ : ४ : ६ या प्रमाणात. ठरावीक लांबीचा ताल किती प्रकारे बांधता येईल? शेवटी द्रुत असेल तर उरलेली लांबी एकाने कमी, लघू असेल तर दोनाने, गुरू असेल तर चाराने, प्लुत असेल तर सहाने. म्हणून प्रत्येक संख्या आधीच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या संख्येच्या बेरजेइतकी. सुरुवात होते १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६० अशी. फक्त लघू-गुरू घेतले तर हीच बेरीज छंदशास्त्रकार विरहांक आणि हेमचंद्र यांच्या मात्रावृत्तांची, म्हणजे ज्या संख्यांना जग फिबोनाची म्हणते त्यांची. देवगिरीच्या तालात त्या संख्यांना आणखी दोन पाय फुटले.

आणि त्या काळात या भागात गणित एकटे पडलेले नव्हते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा याच सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण्याला मठ काढला. तिथला शके ११२८ चा, म्हणजे १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. कन्नडचा घाट उतरला की पाटणादेवी फार लांब नाही. घाटाखाली ‘लीलावती’चा अंकपाश (मांडण्यांची मोजणी) शिकवायला मठ आणि घाटावर राजधानीत तानांचा खंडमेरू, दोन्ही एकाच राजाच्या छायेत. १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त अंकपाशाचा स्वतंत्र अध्याय लिहिला, तेव्हा छंदांतले आणि संगीतातले हे सगळे प्रस्तार शुद्ध गणिताच्या एका छपराखाली आले.

आता साडेपाचशे वर्षे ओलांडतो. १९०६ मध्ये नॉर्वेचे आक्सेल थू यांनी दोन चिन्हांच्या एका अनंत क्रमिकेचा अभ्यास मांडला : ०, १, १, ०, १, ०, ०, १... कोणताही तुकडा लागोपाठ तीनदा येत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. १९२१ मध्ये मार्स्टन मोर्स यांना ती भूमितीच्या वाटेने भेटली. १९७२ मध्ये अ‍ॅलन कोबम यांनी अशा क्रमिकांचा पाया नीट घातला, आणि अलूश व शॅलिट यांच्या २००३ च्या ग्रंथाने ‘ऑटोमॅटिक सिक्वेन्स’ हा विषय घराघरांतल्या गणितींपर्यंत नेला. कल्पना सोपी आहे. मोजक्याच अवस्था असलेले एक यंत्र क्रमांकाचे अंक एकेक वाचते आणि शेवटी त्या क्रमांकाचे पद सांगते. आधीची पदे त्याला लागत नाहीत.

हे वाचताना मला पिंगलाचे नष्ट आठवले. क्रमांक सम असेल तर लघू लिही आणि निम्मा कर. विषम असेल तर गुरू लिही, एक मिळव आणि निम्मा कर. सहावी ओळ : सहा सम, लघू; तीन विषम, गुरू; दोन सम, लघू. ल-गु-ल. तीन अक्षरांच्या प्रस्ताराच्या आठही ओळी लिहा आणि प्रत्येकीत लघूंची संख्या सम असेल तर ०, विषम असेल तर १ मांडा. मिळते ०, १, १, ०, १, ०, ०, १. थू यांचीच क्रमिका. ‘आतापर्यंतचे लघू सम की विषम’ एवढे एकच लक्षात ठेवणारे यंत्र तिला पुरते. खंडमेरूचे तसे नाही. त्याचा पाया दर स्तंभाला बदलतो, म्हणून तो कोबम यांच्या चौकटीत नेमका बसत नाही. दोघांचे नाते प्रश्नात आहे : आधीचे न लिहिता नेमके तिथेच कसे पोहोचायचे?

तोच प्रश्न विसाव्या शतकात नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत एका शिक्षकाच्या टेबलावर होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ६१७४ मुळे सर्वांना ठाऊक आहेत. पण मला त्यांच्या स्वयंभू संख्या अधिक खोल वाटतात. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२... मागच्या सगळ्या संख्या न तपासता एखादी स्वयंभू आहे की नाही, हे ओळखायची कसोटी त्यांनी काढली होती. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कापरेकर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

शार्ङ्गदेवाला त्याहून जास्त थांबावे लागले. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये ‘संगीतरत्नाकर’ छापला, तो संगीतज्ञांसाठी. राजा श्रीधरन, आर. श्रीधरन आणि एम. डी. श्रीनिवास यांनी त्यातल्या प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट यांचे गणित आजच्या भाषेत उलगडून दाखवले, तेव्हा एकविसावे शतक उजाडले होते.

राहिली ती ३२१५ वी तान. खंडमेरूच्या शेवटच्या स्तंभापासून, बेरीज ३२१५ च्या आत राहील असे सर्वांत मोठे घर निवडत यायचे. २८८०, मग २४०, ७२, १८, ४, ०, आणि पहिला १. बेरीज ३२१५. सातव्या स्तंभातले २८८० हे पाचवे घर, म्हणून शेवटचा स्वर नी-कडून पाचवा, ग. त्याच्या आधीचा, उरलेल्यांत शेवटाकडून तिसरा, प. मग रि, स, म, नि आणि उरला ध. ध नि म स रि प ग.