गवतावर जगणारी माकडं

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथिओपियाचे सिमियन पर्वत परके वाटत नाहीत. तसाच काळा कातळ, तसेच एकावर एक रचलेले लाव्हाचे थर. आपला बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला सुमारे तीन कोटी. उंची मात्र दमवते. सांकाबेरचा मुक्कामच सव्वातीन हजार मीटरवर. चार पावलं चढलं की धाप लागते. राष्ट्रीय उद्यानाच्या डेबार्कमधल्या कचेरीतून सोबत मिळालेला बंदूकधारी स्काउट मात्र प्लास्टिकच्या चपलांत निवांत चालतो.

पठारावर ऊन आलं की कड्याखालून जेलाडा माकडं वर येऊ लागतात. बिबट्याच्या भीतीने रात्र त्यांनी उभ्या कड्याच्या कपारींत काढलेली असते. आधी दोन-चार डोकी दिसतात, मग पिल्लं पोटाशी घेतलेल्या माद्या, आयाळवाले दांडगे नर. बघता बघता सगळं पठार भरून जातं.

आणि सगळे बसून कामाला लागतात. मी जवळच्या एका मादीवर नजर ठेवून बसलो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पातं धरायचं, खुडायचं, मुठीत सरकवायचं. तोवर दुसरा हात पुढच्या पात्यावर. मेथी निवडणाऱ्या सराईत बाईचे हात असेच चालतात. मूठ भरली की तोंडात. समोरचं संपलं तरी उठायचं नाही, बुडावरच पुढे सरकायचं. वारा पडला की खुडण्याचा बारीक आवाज चहूकडून ऐकू येतो. गवतात पोषण कमी, म्हणून दिवसाचा मोठा भाग यातच जातो. कोरड्या दिवसांत हीच बोटं माती उकरून मुळं काढतात. बहुधा या बैठकीमुळेच त्यांचा लाल डाग बुडाऐवजी छातीवर आला असावा. या वंशाचे जीवाश्म आपल्या शिवालिकमध्येही सापडलेत; जिवंत उरली ती एवढी एकच जात, तीही फक्त इथिओपियाच्या डोंगरांत.

तिचं सगळं गवतावर, आणि गवत गुरांनाही हवं. १९९६ ते २०१७ या काळात हे उद्यान धोक्यातल्या जागतिक वारशांच्या यादीत राहिलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे चराई आणि बार्लीच्या शेतीचा ताण. गीच हे गाव २०१६पर्यंत इथून उठवून डेबार्कला वसवलं गेलं. जेलाडांसाठी मला ते हवंसं वाटतं, पण पिढ्यान्‌पिढ्यांचं कुरण सोडणं ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून इथं येणाऱ्याने वाटाड्या, खेचरवाला, स्वयंपाकी आसपासच्या गावांतलाच घ्यावा आणि मजुरीत घासाघीस करू नये.