शब्दांनीं उभें राहणारें स्थळ

८ ऑगस्ट २०२४ रोजीं, संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं, कोल्हापुरांतील त्यांच्या नांवाचें नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. शाहू छत्रपतींनीं बांधविलेली ही वास्तु १९१५ सालीं ‘पॅलेस थिएटर’ म्हणून खुली झाली होती. तो काळ रंगविलेल्या पडद्यांचा. आनंदराव व बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्याच कलावंतांनीं नाटकमंडळ्यांसाठीं केलेले पडदे फार वाखाणले गेले. पडदा उघडतांच राजवाडा किंवा उपवन डोळ्यांपुढें उभें राही. मग त्याचें वर्णन पात्राच्या तोंडीं घालण्याचें कारणच उरत नसे.

पण असे पडदे नव्हते तेव्हां काय होत असे? संस्कृत रंगभूमीवर पात्रानें रंगपीठावर फेरी घातली कीं स्थळ पालटलें असें मानीत; कोणतें स्थळ आलें, हें शब्दच सांगत. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकांत दुष्यंत रथांतून येतो, तो तपोवनाच्या रम्यतेचे नुसते गोडवे गात नाहीं. पोपटांच्या ढोलींतून झाडाखालीं सांडलेले धान्याचे कण, फळें फोडून तेलकट झालेले दगड, रथाच्या आवाजानें न बुजणारीं हरणें, अशा खुणा तो सारथ्याला दाखवितो. त्यांवरून आश्रम ओळखण्याचें काम प्रेक्षकाकडे राहतें, आणि स्वतः ओळखलेलें स्थळ अधिक खरें वाटतें. शिवाय हें वर्णन कथानकाला अडवून धरीत नाहीं. येथें विनीत वेषानेंच जावें, हें जाणून राजा धनुष्य व अलंकार सारथ्याच्या हातीं देतो. स्थळानें माणसाचें वागणें बदललें! नाटकांतील चांदण्यांचीं लांबलचक वर्णनें कंटाळवाणीं होतात तीं यासाठींच. त्यांनीं कोणाचेंच कांहीं बदलत नाहीं.

१८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां वर्णनाचा भार सूत्रधाराच्या पदांवर होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणून पदें पात्रांच्या मुखीं दिलीं. वर्णनाला पाहणाऱ्याचे डोळे मिळाले.

नभोनाट्यांत तर पडदा मुळींच नाहीं. पंचगंगेचा घाट ऐकवावयाचा असेल, तर “आपण आतां घाटावर आलों” असें वदविणें हा सोपा आणि निष्फळ मार्ग. त्याऐवजीं एखादी आजी नातवाला म्हणते, “चपला हातांत घे रे, कालची पायरी आज पाण्याखालीं गेली.” एवढ्यानें नदी, आषाढ आणि म्हातारीची धास्ती हीं तिन्ही ऐकणाऱ्याच्या घरांत येतात.