वनपीसखाली कोणती चप्पल?

बंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इथे मुंबईचा घाम नाही आणि नागपूरचं ऊनही नाही. सुती वनपीस वर्षातले बहुतेक दिवस घालता येतो, आणि मुली-बायका तो घालतातही: ऑफिसला, भाजी आणायला, मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला. २०११ च्या ऑक्टोबरात एम. जी. रोड ते बैयप्पनहळ्ळी मेट्रो सुरू झाली. पुढे मेट्रोचं जाळं पसरलं आणि घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस हे चालणंही वाढलं. चालायचं कशावरून, तर गटारावर टाकलेल्या दगडी फरशांवरून. त्यांतली एखादी डुगडुगते, एखादी झाडाच्या मुळांनी उचललेली असते. चर्च स्ट्रीटसारखे काही रस्ते नव्याने बांधले गेले, तिथे पाय मोकळा पडतो. बाकी ठिकाणी नजर खालीच ठेवावी लागते. अशा शहरात उंच टाचांची सँडल कपाटात गेली, यात नवल नाही.

तिच्या जागी आल्या पातळ तळाच्या फ्लॅट्स. सपाट म्हणजे आरामाची, असं आपण धरून चालतो. आणि संध्याकाळी टाच धरली, पोटऱ्या भरून आल्या, की दोष वयाला किंवा वजनाला देतो. चपलेकडे लक्षच जात नाही. टाच उंच नसणं आणि पायाला आधार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसेल तर पहिलीचा फारसा उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅले फ्लॅट कुठून आली ते पाहिलं तर हे पटेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामड्याच्या बुटांवर रेशनिंग आलं, पण नर्तकींचे बॅले बूट त्यातून वगळलेले होते. न्यूयॉर्कची डिझायनर क्लेअर मॅकार्डेल हिने नृत्याचे बूट बनवणाऱ्या कपेझिओ कंपनीकडून त्यांना कडक तळ लावून घेतला आणि आपल्या सुटसुटीत ड्रेससोबत ते आणले. १९५४ मध्ये इटलीच्या साल्वातोरे फेरागामोने ऑड्री हेपबर्नसाठी तसाच बेताचा जोड घडवला आणि जगभरच्या बायकांना तो हवासा वाटू लागला. म्हणजे मूळ वस्तू रंगमंचाच्या लाकडी फळ्यांसाठी, रोज सराव करणाऱ्या पायांसाठी होती. जयनगरच्या फुटपाथवर दूध-भाजीची पिशवी घेऊन चालण्यासाठी ती कुणी बनवलीच नव्हती. याउलट जर्मनीत कॉनराड बिरकेनस्टॉक १८९० च्या दशकातच पावलाच्या आकाराचे आतले तळ बनवत होता. त्याच्या नातवाने, कार्लने, १९६३ मध्ये त्यावर पट्टा चढवून सँडल केली. ती दिसायला सपाटच आहे. सगळी करामत आतल्या उंचवट्यात आहे.

आपल्या पावलात २६ हाडं असतात आणि टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पडदा ताणलेला असतो. तळपायाची कमान धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तळ अगदी पातळ आणि लवचीक असेल तर प्रत्येक पावलाला हा पडदा एकटा ताणला जातो. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेत कळ येते आणि थोडं चाललं की कमी होते, ती बऱ्याचदा याच पडद्याची तक्रार असते. डॉक्टर तिला प्लांटार फॅशिआयटिस म्हणतात. ती आठवडे टिकली तर दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडे जावं.

दुकानात जोड आधी हातात घ्यावा, पायात नंतर. एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने पुढचा भाग धरून ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघावा. सहज पिळला गेला तर परत ठेवावा. मग त्याचं टोक काउंटरवर दाबून वाकवावं. वाक चवड्यापाशी, बोटं मुळातून वळतात तिथेच पडला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर तो जोड कमानीला काहीच आधार देणार नाही. टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबावी. ती लगेच आत बसत असेल तर चालताना टाच डावी-उजवीकडे हलत राहणार. टाचेखाली एक ते अडीच सेंटिमीटर उंची असलेली बरी. वर्षानुवर्षं उंच टाचा घातलेल्या बाईच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात. तिने एका दिवसात एकदम सपाट तळावर उतरू नये. आतला इनसोल निघत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्या जागी आपल्याला हवा तसा घालता येतो. खरेदीला संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय थोडे सुजतात. आणि दोन्ही पायांत घालून दुकानभर फिरावं. सेल्समन कंटाळला तरी चालेल.

जोड चावण्याचं एक कारण मापात आहे. आपण अजून इंग्रजी मापं वापरतो. त्यात दोन मापांमधलं अंतर एक तृतीयांश इंच असतं आणि रुंदीचा सहसा विचारच नसतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांच्या पावलांची मापं घेतली. भारतीय पाऊल युरोपीय आणि अमेरिकी पावलापेक्षा रुंद निघालं. त्यावरून आठ मापांची ‘भ’ ही स्वदेशी मापपद्धती सुचवण्यात आली. रुंद पायाला अरुंद बूट चावतो म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. मग तो लांबीला सैल होतो आणि टाच सुटते. तो पायात राहावा म्हणून बोटं सतत आवळली जातात. भोवऱ्या आणि अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड यांचा त्रास त्यामुळे वाढतो. म्हणून टोकदार फ्लॅट आवडली तरी बोटांशी चौकोनी किंवा बदामी असलेली शोधावी. ती वनपीसखाली तितकीच नेटकी दिसते.

आता कोल्हापुरीबद्दल. ती आपली म्हणून तिच्याविषयी खरं बोललं पाहिजे. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोघांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ही चप्पल बनवतात. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, खिळा नाही. कातड्याचा काप बहुधा पुरुष घेतात; वेणी विणणं आणि बरीचशी शिलाई बायकांच्या हातची. बंगळुरूच्या मधुरा छत्रपती आणि त्यांची ‘असेंट’ ही संस्था यांनी अथणीच्या या कारागीर बायकांचे बचत गट बांधले, त्यातून ‘टोहोल्ड’ हा ब्रँड उभा राहिला आणि अथणीची चप्पल परदेशी दुकानांत गेली. कर्नाटक सरकारचं चर्मोद्योग महामंडळ ‘लिडकर’ याची दुकानंही बंगळुरूत आहेत. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, मुळाचा उल्लेख नव्हता, आणि महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने ते मूळ मान्य केलं. हे सगळं अभिमानाचं आणि रागाचंही आहे.

पण पायाच्या हिशेबाने पाहिलं तर पारंपरिक कोल्हापुरी कडक आणि सपाट असते. नवीन असताना ती चावते. तेल देऊन, रोज थोडा वेळ घरात घालून ती पायावर बसवावी लागते. एकदा बसली की चामडं आपल्या पावलाचा ठसा घेतं, हे खरं आहे, पण कमानीखाली तो उंचवटा येत नाही. इंडिगो छपाईचा पोटरीपर्यंतचा सुती वनपीस आणि तेल प्यायलेली तपकिरी कोल्हापुरी यापेक्षा देखणी जोडी मला माहीत नाही. ती कार्यक्रमाला, जेवायला जाताना, अर्ध्या दिवसासाठी घालावी. रोज दोन-तीन किलोमीटर चालायचं असेल तर आत मऊ थर घातलेली, टाचेमागे पट्टा असलेली कोल्हापुरी आता मिळते, ती घ्यावी.

मग दिसण्याचं काय? गुडघ्याच्या जरा खाली येणारा वनपीस सगळ्यात अवघड, कारण तो पोटरीच्या रुंद भागावर संपतो. त्यावर घोट्याभोवती जाड पट्टा बांधला की पाय दोन ठिकाणी कापल्यासारखा दिसतो. तिथे पावलाचा वरचा भाग उघडा ठेवणारा, त्वचेच्या रंगाजवळचा लोफर किंवा मेरी जेन घ्यावी. मेरी जेनचा पट्टा पावलावरून जातो, त्यामुळे टाच सुटत नाही आणि घोटाही मोकळा राहतो. पाठ दुखत असूनही रोज ऑफिसला जाणाऱ्या बायकांना मी हाच प्रकार आधी सुचवते. घेरदार, झालरीचा वनपीस असेल तर खाली अगदी नाजूक चप्पल हरवते. तिथे जाड तळाचे पांढरे स्नीकर्स शोभतात. स्नीकर्स बायकी पोशाखावर नकोत असं वाटणाऱ्यांनी मुंबईच्या क्रांती साळवी आठवाव्यात. २०१८ ची बर्लिन मॅरेथॉन त्यांनी नऊवारी नेसून, पायात धावण्याचे बूट घालून चार तासांच्या आत पूर्ण केली.

पायघोळ वनपीसचा प्रश्न उंचीचा असतो. तयार कपडे बऱ्याचदा टाचांचा हिशेब धरून बेतलेले असतात, सपाट चपलेवर ते जमीन झाडतात. शिंप्याकडे जाताना जी चप्पल घालणार तीच पायात हवी, आणि फुटपाथवर चालायचं असेल तर कड जमिनीपासून चार बोटं वर घ्यायला सांगावी. खाली झालर असेल तर कापड खालून कापू देऊ नये. झालर उसवून, तिच्यावरचा भाग कमी करून ती पुन्हा जोडली की घेर बिघडत नाही. काम थोडं महाग पडतं, पण पायऱ्यांवर पाय अडकत नाही. स्कूटर चालवणाऱ्यांनी तर हे करावंच, आणि मागे पट्टा नसलेली चप्पल स्कूटरवर घालू नये. सिग्नलला पाय टेकताना ती निसटते.

या शहरात दिवसातून अनेकदा चपला काढाव्याही लागतात. मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वर मंदिर एकोजीराजे भोसल्यांनी बांधलेलं. तिथे पायरीशी बकल सोडत बसणाऱ्या बायका मी पाहते आणि वाटतं, त्या जागी वेल्क्रो किंवा इलॅस्टिक का नको? दोन्ही आधार देतात, दोन्ही उभ्याने घालता येतात. पावसात, म्हणजे इथे जूनपासून पार नोव्हेंबरपर्यंत, चामडं घरी ठेवावं. कमानीला उंचवटा असलेल्या रबरी किंवा ईव्हीए फोमच्या सँडल त्या दिवसांत बऱ्या. कोल्हापुरी भिजलीच तर सावलीत वाळवावी, उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी मात्र सौंदर्याचा विचार दुसरा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पायाची संवेदना कमी झाली की अंगठ्यात अडकवायची चप्पल कापते ते कळतही नाही. त्यांनी पुढून झाकलेला, मागे पट्टा असलेला, एमसीआर म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा आतला तळ असलेला जोड घ्यावा आणि रोज रात्री तळपाय आरशात बघावा. असे जोड आता काळ्या-तपकिरीपलीकडच्या रंगांतही मिळतात. आईसाठी घेताना तिच्या आवडत्या ड्रेसच्या रंगाचा मागावा.

घरातले जुने जोड एकदा उलटे करून बघा. टाच एका बाजूने झिजली असेल आणि वरचं चामडं धड असेल, तर कोपऱ्यावरचा चांभार नवी टाच लावून देतो. आतला थर चेपून बसला असेल, टाचेमागची भिंत ढिली झाली असेल, तर तो जोड कितीही आवडता असला तरी चालण्यासाठी संपला. तो बाजूला काढा आणि नवा घ्यायला जाताना जो वनपीस सगळ्यात जास्त घालता, तोच घालून जा.