शापित राणीची प्रेमकथा आणि मुरबाडचे दोन सुळके

मुरबाडहून म्हसामार्गे देहरी गावाकडे निघाले की सह्याद्रीच्या कड्यापुढे उभे असलेले दोन सुळके लक्ष वेधून घेतात. एक गोरखगड, दुसरा मच्छिंद्रगड. शिष्य आणि गुरू अशी ही जोडी. पण या दोन नावांमागे तिसरे एक पात्र दडलेले आहे. स्वर्गीय सौंदर्याची, शाप भोगणारी एक राणी. तिच्या नावाचा मात्र येथे एकही दगड नाही.

काय आहे ही कथा?

धुंडीसुत मालू यांनी शके १७४१ म्हणजे इ. स. १८१९ मध्ये लिहिलेल्या 'नवनाथ भक्तिसार' या चाळीस अध्यायांच्या ग्रंथामुळे ही कथा घरोघरी पोहोचली. मैनाकिनी ही मूळची सिंहलद्वीपाची पद्मिनी. आकाशमार्गाने जाणाऱ्या उपरिक्ष वसूला पाहून ती हसली आणि त्याने तिला शाप दिला. जेथे पुरुष जगूच शकत नाही, अशा स्त्रीराज्यात तिला जावे लागले. तेथे ती राणी झाली. तिने मारुतीची आराधना केली. परंतु ब्रह्मचर्यव्रतामुळे मारुतीने आपल्याऐवजी मच्छिंद्रनाथांना पाठविले. दोघांचा संसार फुलला, मीननाथ नावाचा पुत्र झाला. पुढे गोरखनाथ वेष पालटून दरबारात शिरले आणि मृदंगाच्या बोलांतून त्यांनी गुरूला हाक दिली. गुरू निघाले. राणीचा शाप सरला, पण तो सरण्याची किंमत म्हणजे पती आणि पुत्र या दोघांचाही वियोग.

इतिहास काय सांगतो?

मत्स्येंद्रनाथ हे नाव मालूकवीपेक्षा फार जुने आहे. काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'तंत्रालोका'च्या आरंभी त्यांना वंदन केले आहे. त्यांच्या नावावर असलेला 'कौलज्ञाननिर्णय' हा ग्रंथ प्रबोधचंद्र बागची यांनी १९३४ मध्ये संपादित केला. त्यात कामरूपातील योगिनींचा उल्लेख येतो. स्त्रियांना मानाचे स्थान देणाऱ्या या योगिनी-परंपरेची आठवण पुढे 'स्त्रीराज्या'च्या रूपाने उरली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. नंतरच्या वैराग्यप्रधान नाथपंथाला ही आठवण अडचणीची होती. त्यामुळे योगिनी 'माया' ठरली आणि गुरूचा सहवास 'मोह' ठरला.

ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी सांगितली आहे. महाराष्ट्रातील अनेक डोंगरांना नाथांची नावे का मिळाली, हे यावरून उमगते. १९३२ मध्ये प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'माया मच्छिंद्र' हा बोलपट काढला. त्यात राणीची भूमिका दुर्गा खोटे यांनी, तर मच्छिंद्रनाथांची गोविंदराव टेंबे यांनी केली होती.

दगड आणि दंतकथा

गोरखगडावर कातळात कोरलेल्या पायऱ्या, प्रशस्त लेणे आणि पाण्याची टाकी आहेत. माथ्यावर महादेवाचे मंदिर आहे. लेण्याच्या ओसरीतून समोर मच्छिंद्रगड दिसतो. कोणीतरी येथे राहत होते, हे खोदकामावरून सिद्ध होते. ते स्वतः गोरखनाथच होते, हे मात्र केवळ नावावरून सिद्ध होत नाही.

शेजारच्या शहापूर तालुक्यातही असेच घडले आहे. माहुलीच्या सुळक्यांना लोकांनी नवरा, नवरी, करवली, भटोबा अशी नावे देऊन एक अख्खे वऱ्हाड उभे केले. याच माहुलीवर १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे शरण यावे लागले. ती घटना कागदोपत्री नोंदली गेली आहे. वऱ्हाडाची नोंद फक्त लोकांच्या जिभेवर आहे. दोन्ही जपायला हव्यात, पण त्यांची गल्लत होता कामा नये.

माहुलीच्या लोकांनी निदान नवरीला नवऱ्याशेजारी जागा दिली. देहरीच्या माथ्यावर मात्र गुरू आणि शिष्य तेवढे समोरासमोर उभे आहेत. ज्या राणीमुळे त्यांची कथा घडली, तिला येथे शोधायचे तर पोथीच उघडावी लागते.